रुग्णाला बांधल्याची नोंद होते, तशी इंजेक्शनचीही व्हावी

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

मनोविकार विभागात दाखल असलेल्या रुग्णांना दिल्या जाणाऱ्या इंजेक्शनांविषयी आपल्या वाचकपत्रांत अलीकडे दोन टोकांची मते वाचायला मिळाली. एका वाचकांच्या मते रुग्णाने आवाज चढवला की त्याला सुई टोचून गुंगीत टाकणे हा निव्वळ छळ आहे. दुसऱ्या वाचकांच्या मते डॉक्टरांच्या कामात कायद्याने आणि कार्यकर्त्यांनी लुडबूड करू नये. मी शासकीय रुग्णालयाच्या मनोविकार विभागात आधी अधिपरिचारिका आणि पुढे परिसेविका म्हणून काम करून निवृत्त झाले आहे. ही इंजेक्शने मी स्वतः भरली आहेत, दिली आहेत आणि दिल्यानंतर रुग्णाच्या उशाशी उभी राहून त्याचा श्वासही मोजला आहे. त्यामुळे या दोन्ही पत्रांत जे राहून गेले ते मांडणे मला आवश्यक वाटते.

स्किझोफ्रेनियाचा रुग्ण भडकतो तेव्हा बाहेरच्यांना त्याचा राग दिसतो, पण त्या रागाच्या मुळाशी बहुतेक वेळा भीती असते. आपल्या जेवणात विष कालवले आहे, आपल्याला मारायला माणसे पाठवली आहेत, असे कानात सतत सांगणारे आवाज ज्याला ऐकू येत आहेत, ज्याने तीन-चार रात्री डोळा मिटलेला नाही, ज्याचे हात घरच्यांनी उपरण्याने बांधून जीपमधून आणले आहे, तो माणूस अनोळखी वॉर्डात चार गणवेशधारी अंगावर येताना पाहून हात उगारणारच. तो उद्रेक आजाराचा भाग आहे आणि आजाराच्या भागावर उपचार करणे हे रुग्णालयाचे कर्तव्य आहे. अशा माणसाला भिंतीवर डोके आपटू देणे, किंवा शेजारच्या खाटेवरच्या वृद्धाला त्याच्या हातून इजा होऊ देणे, म्हणजे त्याच्या स्वातंत्र्याचा आदर, असे मी कधीही मानणार नाही. म्हणून पहिल्या पत्रलेखकांची कळकळ मान्य करूनही त्यांचा निष्कर्ष मला मान्य नाही.

मात्र इंजेक्शनच्या आधी काय घडते, यावर सारे अवलंबून असते. अनुभवी सिस्टर अशा रुग्णासमोर एकटी बोलते. बाकीचे मागे, पण नजरेच्या टप्प्यात राहतात. ती दोन हातांचे अंतर ठेवते, त्याचा दाराकडचा रस्ता अडवत नाही, हात पाठीमागे लपवत नाही आणि आवाज चढवत नाही. “दादा, मी इथली सिस्टर. तुम्हाला इथं कुणी मारणार नाही. आधी पाणी घेता का?” एवढ्या साध्या बोलण्याने आणि प्लॅस्टिकच्या पेल्यातल्या पाण्याने हातातली वीट खाली ठेवलेले रुग्ण मी पाहिले आहेत. त्यानंतर विचारायचे, “गोळी चालेल, का इंजेक्शन देऊ?” ही निवड खरी असावी लागते. तोंडात ठेवताच विरघळणारी ओलान्झापिन या औषधाची गोळी आता सर्रास मिळते आणि बरेच रुग्ण ती स्वतःच्या हाताने घेतात. अमेरिकेतील आपत्कालीन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१२ मध्ये जी मार्गदर्शक सूत्रे प्रसिद्ध केली, त्यांतही संवादाने शांत करणे हेच पहिले पाऊल मानले आहे, आणि औषधाचे उद्दिष्ट रुग्णाला शांत करणे हे आहे, झोपवणे हे नाही, असे म्हटले आहे. आमच्याकडे अजूनही “झोपला का?” हाच प्रश्न पहिल्यांदा विचारला जातो, याचे मला वाईट वाटते.

आणखी एक गोष्ट आधी व्हायला हवी. भडकलेला प्रत्येक माणूस मनोविकारामुळेच भडकलेला असतो असे नाही. साखर उतरलेली असते, डोक्याला मार लागलेला असतो, ताप मेंदूपर्यंत गेलेला असतो, किंवा दोन दिवसांपूर्वी दारू सुटलेली असते. जुन्या केसपेपरवर ‘स्किझोफ्रेनिया’ असे लिहिलेले असले की या शक्यता नजरेआड होतात. बोटाच्या टोकावरच्या रक्ताच्या एका थेंबात साखर कळते. ती न पाहता हॅलोपेरिडॉल हे शांत करणारे औषध सुईत भरायला घेणे मला कधीही पटले नाही. दारू सुटल्यामुळे आलेल्या बेभानपणात तर उपचारच वेगळा असतो. तिथे लोराझेपाम या शामक औषधाच्या गटातली औषधे आणि थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, लागते; हॅलोपेरिडॉलने झटके येण्याची शक्यता उलट वाढते.

औषधांविषयी सांगायचे तर आपल्या देशाने या विषयात जगाला उपयोगी पडेल असे काम केले आहे आणि त्याची माहिती सर्वसामान्य वाचकांपर्यंत फारशी पोहोचलेली नाही. सरकारी वॉर्डांत ‘सेरेनेस-फेनर्गन’ या जोडनावाने ओळखले जाणारे मिश्रण, म्हणजे हॅलोपेरिडॉल आणि प्रोमेथाझिन, स्वस्त आहे आणि जवळपास सगळीकडे मिळते. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये आपत्कालीन मनोविकार सेवेत आलेल्या २०० प्रक्षुब्ध रुग्णांवर या मिश्रणाची तुलना लोराझेपामशी करण्यात आली आणि २००४ मध्ये ती प्रसिद्ध झाली. चार तासांनंतर दोन्ही गटांतील ९६ टक्के रुग्ण शांत किंवा झोपलेले होते. मात्र मिश्रणाचा परिणाम लवकर सुरू झाला, आणि ते मिळालेल्यांपैकी ७६ टक्के झोपलेले होते, तर लोराझेपाम मिळालेल्यांपैकी ४५ टक्के. त्याच संस्थेत ३०० रुग्णांवर ओलान्झापिनच्या इंजेक्शनशी केलेली तुलना २००७ मध्ये प्रसिद्ध झाली. दोन्ही औषधांनी रुग्ण शांत झाले, पण पहिल्या चार तासांत पुन्हा औषध द्यावे लागले ते ओलान्झापिनच्या गटातील १५० पैकी ६५ जणांना आणि मिश्रणाच्या गटातील १५० पैकी ३१ जणांना. महागड्या औषधाअभावी आपल्या जिल्हा रुग्णालयात रुग्णावर अन्याय होतो, अशी खंत करणाऱ्यांनी हे आकडे जरूर पाहावेत. लोराझेपामच्या इंजेक्शनला तर शीतकपाटाची गरज असते, आणि ज्या तालुक्यात वीज दिवसातून कित्येकदा जाते, तिथे ही अडचण लहान नाही.

त्या मिश्रणात प्रोमेथाझिन कशासाठी असते, हेही लोकांना समजले पाहिजे. नुसते हॅलोपेरिडॉल दिले की काहींना, विशेषतः तरुण मुलांना, काही तासांत मान वाकडी होणे, डोळे वर चढून अडकणे, जबडा आवळणे असा भयंकर त्रास होतो. त्याला डिस्टोनिया म्हणतात. रिओ दि जानेरोमध्ये ३१६ रुग्णांवर झालेल्या अभ्यासात नुसते हॅलोपेरिडॉल मिळालेल्यांपैकी १० जणांना हा त्रास झाला आणि दोन्ही औषधे एकत्र मिळालेल्यांपैकी एकालाही झाला नाही. तो अभ्यासही २००७ मध्येच प्रसिद्ध झाला. इतकी वर्षे उलटूनही ‘सेरेनेस १ अँपूल’ एवढीच ऑर्डर केसपेपरवर दिसते तेव्हा मन विषण्ण होते. आधीच विषप्रयोगाचा संशय असलेल्या मुलाची मान इंजेक्शननंतर तीन तासांनी आपोआप मागे खेचली जाऊ लागली, तर त्याने कोणता अर्थ काढावा? त्याचा संशय आपणच त्याला पुरावा म्हणून हाती देतो, आणि पुढे वर्षानुवर्षे तो औषधाला हात लावत नाही.

याहून फसवा त्रास अकॅथिसियाचा, म्हणजे औषधामुळे येणाऱ्या बेचैनीचा. आमच्या वॉर्डात पंचविशीचा एक मुलगा होता. दाखल झाला त्या रात्री त्याला इंजेक्शन देणे भाग होते आणि ते योग्यच होते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपासून तो खाटेवर टेकेना. बसला की उठायचा, उठला की जागच्या जागी पाय बदलायचा, दारापासून खिडकीपर्यंत येरझारा घालायचा, घामाघूम व्हायचा. रात्रपाळीच्या नोंदीत ‘रुग्ण पुन्हा अस्वस्थ, एसओएस इंजेक्शन दिले’ असे लिहिले गेले. पहाटे परत तेच. सकाळी राउंडला आलेल्या निवासी डॉक्टर त्याच्यासमोर खुर्ची घेऊन बसल्या आणि त्यांनी त्याला एकच गोष्ट विचारली : “अस्वस्थ डोक्यात वाटतंय, की पायांत?” तो म्हणाला, “मॅडम, पाय मला बसूच देत नाहीत. डोकं कालच्यापेक्षा बरं आहे.” त्यांनी हॅलोपेरिडॉल थांबवले, त्या बेचैनीवरचे प्रोप्रॅनोलॉल सुरू केले आणि रात्रीपर्यंत मुलगा ताट घेऊन मांडी घालून जेवायला बसला. औषधाने आलेली ही बेचैनी आजाराची समजली गेली की त्याच औषधाचा डोस वाढतो, बेचैनी आणखी वाढते, आणि त्या यातनेत काही रुग्ण स्वतःला संपवण्यापर्यंत जातात. त्या मुलाच्या बाबतीत हे ओळखले गेले, कारण एका डॉक्टरांना खुर्ची ओढून बसण्याइतका वेळ होता.

‘एसओएस’ ही ऑर्डर म्हणजे गरज पडेल तेव्हा द्यावे अशी मुभा, पण गरज कोणी ठरवायची, कोणत्या लक्षणावर ठरवायची आणि दिवसात जास्तीत जास्त किती वेळा, हे अनेकदा लिहिलेलेच नसते. अँटिसायकोटिक, म्हणजे भास-संशयावरच्या औषधाचा गुंगी आणणारा परिणाम काही मिनिटांत दिसतो. भास आणि संशय ओसरण्याला मात्र दिवस आणि आठवडे लागतात. एकामागून एक इंजेक्शने देऊन आजार लवकर हटवता येतो ही समजूत एके काळी होती आणि ती चुकीची ठरून मागे पडली. म्हणूनच ज्या रुग्णाला आठवड्यात तीन-चार वेळा असे इंजेक्शन लागते, त्याच्या बाबतीत आधी विचारायचा प्रश्न हा की त्याचा रोजचा उपचार बरोबर चालला आहे का, गोळी गिळतो आहे की गालात ठेवून टाकून देतो आहे, आणि दोन औषधांनी गुण आला नसेल तर क्लोझापिन या औषधाचा विचार झाला आहे का. स्किझोफ्रेनियातील सततच्या आक्रमकतेवर क्लोझापिनइतका भरवशाचा पुरावा दुसऱ्या कुठल्याही औषधाचा नाही. त्यासाठी पहिले १८ आठवडे दर आठवड्याला रक्तातील पांढऱ्या पेशी मोजाव्या लागतात, आणि ती व्यवस्था करण्याचा कंटाळा हे रुग्णाला वारंवार सुई टोचण्याचे कारण असू शकत नाही.

इंजेक्शन दिल्यानंतरचा तास हा आमच्या कामाचा सर्वांत महत्त्वाचा तास असतो आणि नेमका त्याच तासाला वॉर्ड सुटकेचा निःश्वास टाकतो. झोपलेल्या रुग्णाला कुशीवर वळवणे, श्वास, नाडी, रक्तदाब, तापमान आणि शुद्ध यांची दर १५ मिनिटांनी नोंद करणे, गुंगीत असताना त्याला घास न भरवणे, उठताना रक्तदाब उतरून तो पडू नये म्हणून आधार देणे, ही कामे कोणाच्या नजरेत भरत नाहीत. ओलान्झापिनचे इंजेक्शन दिल्यावर लगेच लोराझेपामचे इंजेक्शन दिले तर श्वास मंदावण्याचा आणि रक्तदाब कोसळण्याचा धोका असतो. पाळी बदलताना पहिल्या इंजेक्शनची वेळ स्पष्ट लिहिलेली नसेल तर ही चूक घडायला पाच मिनिटेही लागत नाहीत. उन्हाळ्यात तर जास्तच जपावे लागते. पाणी कमी पडलेला, खाटेला बांधलेला, वारंवार इंजेक्शने मिळालेला रुग्ण तापला, त्याचे अंग लाकडासारखे ताठ झाले आणि तो असंबद्ध बोलू लागला, तर ते आजाराचे वाढणे समजून आणखी एक अँपूल फोडणे प्राणघातक ठरू शकते.

आता कायद्याविषयी. तमिळनाडूतील एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी एका खासगी आश्रयस्थानाला लागलेल्या आगीत साखळदंडांनी बांधलेले २८ मनोरुग्ण जळून मेले. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ मध्ये आला आणि मे २०१८ पासून लागू झाला. त्याच्या कलम ९५ ने कोणत्याही प्रकारे साखळीने बांधण्यास पूर्ण बंदी घातली. कलम ९७ ने रुग्णाला एकांतात कोंडण्यास मनाई केली आणि शारीरिक बंधनाला काटेकोर अटी घातल्या. तात्काळ इजा टाळण्याचा दुसरा मार्ग नसेल तेव्हाच आणि रुग्णाची जबाबदारी असलेल्या मानसोपचारतज्ज्ञाच्या परवानगीनेच बांधावे. आवश्यकतेपेक्षा क्षणभरही जास्त बांधू नये. पद्धत, कारण आणि कालावधी यांची नोंद करावी. शिक्षा म्हणून किंवा धाक म्हणून बांधू नये. कर्मचारी कमी आहेत एवढ्याच कारणाने बांधू नये. रुग्णाच्या वतीने बोलणाऱ्या नामनिर्देशित प्रतिनिधीला २४ तासांच्या आत कळवावे. आणि अशा प्रत्येक घटनेचा अहवाल दर महिन्याला मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे पाठवावा. हे कलम माझ्या मते या कायद्याचा सर्वांत माणुसकीचा भाग आहे.

परंतु हे सारे शारीरिक बंधनाविषयी आहे. रुग्णाच्या इच्छेविरुद्ध, त्याला धरून दिलेल्या गुंगीच्या इंजेक्शनाबद्दल कलम ९७ काही बोलत नाही. कलम ९४ खाली आपत्कालीन उपचार म्हणून ते देता येते, प्रतिनिधी उपलब्ध असेल तर त्याच्या संमतीने आणि जास्तीत जास्त ७२ तासांच्या मर्यादेत, आणि ती तरतूद योग्यच आहे. पण मंडळाकडे जाणाऱ्या मासिक अहवालात त्याचा हिशेब येतोच असे नाही. याचा व्यवहारातला परिणाम मी पाहिला आहे. खाटेला बांधले की रजिस्टर, सही, फोन, अहवाल. सुई टोचली की औषधाच्या तक्त्यावर एक ओळ. मग अपुऱ्या मनुष्यबळाच्या रात्री कोणता मार्ग निवडला जाईल, हे सांगायला जाणकार लागत नाही. ६० रुग्णांच्या वॉर्डात एक सिस्टर आणि एक कक्षसेवक असतील, तर ज्या रुग्णाशी अर्धा तास बोलायला हवे त्याला दहा मिनिटांत इंजेक्शन मिळते, आणि त्या सिस्टरला दोष देऊन काही साधत नाही. कायद्याने बांधण्याच्या बाबतीत जे कारण स्पष्ट शब्दांत नाकारले, तेच कारण सुईच्या बाबतीत मात्र बिनबोभाट चालते.

इंग्लंडने २०१८ मध्ये मनोविकार विभागांतील बळाच्या वापरासंबंधी जो कायदा केला, त्यात शारीरिक बंधनाच्या बरोबरीने औषधाने घातलेल्या बंधनाचाही स्पष्ट समावेश आहे आणि त्याची नोंद ठेवणे बंधनकारक आहे. आपल्या राज्यात यासाठी संसदेची वाट पाहण्याची गरज मला वाटत नाही. येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी येथील प्रादेशिक मनोरुग्णालये, वैद्यकीय महाविद्यालयांचे मनोविकार विभाग आणि जिल्हा रुग्णालयांतील मनोविकार कक्ष यांना आरोग्य विभाग एका परिपत्रकाने हे लागू करू शकतो. इच्छेविरुद्ध दिलेल्या प्रत्येक इंजेक्शनची वेगळी नोंदवही असावी. तीत इंजेक्शनच्या आधी काय प्रयत्न केले, रक्तातील साखर किती होती, कोणते औषध किती वाजता किती मात्रेत दिले, पुढच्या तासातील श्वास-नाडीची नोंद कुठे आहे आणि नातेवाइकाला केव्हा सांगितले, एवढे रकाने पुरेत. कलम ९७ प्रमाणे तिचाही गोषवारा मंडळाकडे जावा.

याने डॉक्टर धास्तावतील आणि गरज असतानाही औषध देणार नाहीत, असा आक्षेप मी माझ्याच ज्येष्ठ सहकाऱ्यांकडून ऐकला आहे. त्यात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही; भीतीपोटी उपचार लांबवणे हेही रुग्णाचे नुकसानच आहे. पण शस्त्रक्रियेत भूल देणारे डॉक्टर दर पाच-दहा मिनिटांची नोंद करतात आणि त्यामुळे कोणी भूल द्यायचे थांबलेले नाही. उलट ती नोंदच अडचणीच्या वेळी त्यांच्या पाठीशी उभी राहते. ज्या सिस्टरने बोलून पाहिले, गोळी देऊ केली, साखर पाहिली आणि मगच इंजेक्शन दिले, तिच्या बाजूने आज केसपेपरवर एक शब्दही नसतो.

स्त्री रुग्णांविषयी वेगळे लिहिले पाहिजे. कमरेत इंजेक्शन देण्यासाठी तीन-चार माणसांनी धरणे हा अनुभव कोणत्याही बाईला काय वाटत असेल, आणि जिच्यावर पूर्वी अत्याचार झालेला आहे तिला काय वाटत असेल, याचा विचार आमच्या प्रशिक्षणात फारसा झाला नाही. धरणाऱ्या स्त्रियाच असाव्यात, पडदा ओढलेला असावा, शक्यतो दंडात द्यावे, काय करतो आहोत ते तिला तोंडाने सांगत राहावे. रात्रपाळीला महिला कक्षसेविका नसणे ही प्रशासनाला किरकोळ वाटणारी रिक्त जागा आहे. वॉर्डात तिचा अर्थ फार वेगळा होतो.

आणि शेवटची गोष्ट, जी सर्वांत कमी खर्चाची असूनही सर्वांत कमी केली जाते. रुग्ण शांत झाल्यावर, दुसऱ्या दिवशी किंवा तिसऱ्या दिवशी, कोणीतरी त्याच्याजवळ बसून काल काय झाले, इंजेक्शन का द्यावे लागले हे त्याला सांगितले पाहिजे आणि त्याचे म्हणणे लिहून घेतले पाहिजे. बहुतेकांना सगळे आठवत असते. कोणते औषध सोसले नाही, पुन्हा तशी वेळ आली तर कोणाला बोलवावे, कशाने आपण शांत होतो, हे ते नेमके सांगतात. कायद्याच्या कलम ५ ने प्रत्येक सज्ञान व्यक्तीला आगाऊ निर्देश, म्हणजे मानसिक आजारात आपल्यावर कसे उपचार व्हावेत वा होऊ नयेत हे आधीच लिहून ठेवण्याचा हक्क दिला आहे. आपत्कालीन उपचारांना ते निर्देश बंधनकारक नाहीत, तरी ‘मला हॅलोपेरिडॉलने मान वाकडी होते, कृपया देऊ नका’ हे वाक्य केसपेपरच्या पहिल्या पानावर चिकटवायला कोणत्याही कलमाची आडकाठी नाही. आरोग्य विभागाने नवी नोंदवही काढली तर या संभाषणासाठी तीत एक रकाना ठेवावा, आणि तो भरल्याखेरीज रुग्णाला घरी सोडू नये, अशी माझी मागणी आहे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त परिसेविका,
सातारा